जोडीची घड्याळं

तारीख अकरा, शनिवार, दुपार

भाऊजी,

नमस्कार. आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घाचं माझं काही खरं नाही आणि टायपिंग म्हणजे गोगलगाय. त्यात उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. तुमच्या फोनवर 'लिहीत आहे, लिहीत आहे' असं कधीपासून दिसत असेल. चिडू नका. हा फोन मधेच स्वतःहून शब्द दुरुस्त करतो, त्यामुळे काही शब्द माझ्यापेक्षा शिकलेले वाटतील. नववीतून घरी बसलेल्या मुलीकडून एवढंच होतं.

तुम्ही नीट पोचलात ना? खोली तीच मिळाली ना, वरच्या मजल्यावरची, जिथून कारंजं दिसतं ती? मी त्यांना पुन्हा पुन्हा कळवलं होतं. पलंगावर टॉवेलचे दोन हंस असतील, चोचीला चोच लावून. आजूबाजूला गुलाबाच्या पाकळ्या. त्याचं वेगळं काही घेत नाहीत, जोडप्यांच्या पॅकेजमध्येच येतं. टेबलावर बर्फाच्या बादलीत बाटली असेल आणि दोन ग्लास. आणि तिथली लिफ्ट कशी आहे हो? तुम्ही म्हणता ना, मी कुठेही गेलो तरी आधी लिफ्टचा आवाज ऐकतो, मग माणसांचा.

फोन करू नका, मी उचलणार नाही. तुमचे सगळे निरोप वाचले. 'कुठाय ती', 'बस येऊन गेली', 'फोन का बंद', 'मुके उत्तर दे'. देतेय.

ताई बसमध्ये बसलीच नाही.

ती बरी आहे. म्हणजे बरी आहे असं म्हणता येणार नाही, पण आहे. ते पुढे सांगते. मी क्रमाने सांगितलं नाही की माझा गोंधळ होतो. तर प्लॅनपासून सुरू करते. प्लॅनचं काम तुम्हीच मला दिलं होतंत, आणि प्लॅनमध्ये काही बदल झाला तर लगेच कळवायचं असं ठरलं होतं. तर बदल झालाय.

तुम्ही पार्लरमध्ये आलात तो दिवस मला आठवतो. हातात केकचा खोका. मॅडमना म्हणालात, "तुमची ही मुकी मला जरा उसनी द्या. लग्नाचा वाढदिवस आहे, बायकोला फिरायला न्यायचंय, हिच्याकडून प्लॅन करून घेतो." कुठे नेणार विचारलं तर तुम्ही त्या जुगाराच्या शहराचं नाव घेतलंत आणि मॅडमच्या हातातला कंगवाच थांबला. तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, "असा नवरा मिळायला नशीब लागतं गं. आमचे हे मला फार तर समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेतील, तेही दाढ उपटायची असेल तर."

मला तुम्ही बाहेर पायरीवर बोलावून सांगितलंत, "तुला का निवडलं माहितीये? एक म्हणजे तिची आवड तुला माहीत. आणि दुसरं म्हणजे तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही." आणि हसलात. मीही हसले. मला खरंच वाटलं तुम्ही माझं कौतुक करताय.

मग रोज दुपारी ताई दुकानातून पडदे शिवून आली की आम्ही पार्लरच्या मागच्या पायऱ्यांवर बसायचो. मी फोनवर दाखवायचे, ती बघायची. काय काय आहे हो त्या शहरात! खोटे डोंगर, खोटा समुद्र, रस्ताभर नुसते दिवे. आणि एक गंमत वाचली. जुगाराच्या हॉलमध्ये भिंतीवर कुठेच घड्याळ लावत नाहीत, किती वेळ गेला ते माणसाला कळू नये म्हणून. मी ताईला सांगितलं तर ती मनगट वर करून म्हणाली, "मग तिथे आमचीच दोन चालतील."

तुमची जोडीची घड्याळं. तुमचं मोठं, तिचं छोटं, काळी काच, आत सारखेच काटे. ती तुम्ही कधी आणलीत ते तुम्हाला आठवत असेलच. ताईची बोटं दारात सापडली होती त्यानंतर. सापडली होती असं आम्ही सगळे म्हणायचो. आई पण.

तर मी एकेक विचारायचे आणि ताई सांगायची.

"गच्चीवर पोहायचा तलाव आहे. रात्री पाण्यात खालून निळे दिवे लावतात."

"नको. पाय दिसतील."

"बिनबाह्यांचा लांब झगा भाड्याने मिळतो. जेवायला जाताना घालायचा."

"बाह्या असलेला नाही का?"

"तुला लहानपणापासून बिनबाह्यांचा आवडतो."

"आता नाही आवडत."

"दोघांना शेजारी शेजारी झोपवून मालिश करतात. मेणबत्त्या लावून. एवढा छान फोटो आहे बघ."

"वेडी आहेस का गं? पाठ दिसेल."

"बरं, ते दहा मिनिटांचं लग्न? ज्यांचं आधीच झालंय त्यांचं परत लावून देतात. भाऊजींनी खास लिहून दिलंय."

"फोटो काढतात?"

"त्यासाठीच तर करतात."

"मग नको."

"गुहेतून होडीने नेतात. आत अंधार असतो, फक्त छतावर चांदण्या."

"ते चालेल."

"जादूचे खेळ? तेव्हाही दिवे बंद."

"तेही चालेल. ठेव."

जिथे जिथे अंधार होता तिथे तिथे ताई हो म्हणाली. भाऊजी, मला हे तेव्हा दिसलं नाही असं नाही. मला सगळं दिसतं. मी फक्त बोलत नाही. 

मी काय केलं तर तिने सांगितलं तसंच्या तसं टाइप करून तुम्हाला पाठवलं. ताई काय म्हणाली ते लिहायचं, असं तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून लिहिलं. तलाव नको, पाय दिसतील. मालिश नको, पाठ दिसेल. होडी चालेल, अंधार असतो. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं मला सांगता येत नाही. कदाचित मला वाटलं असेल, तुम्ही वाचाल आणि तुम्हाला लाज वाटेल. तोंडाने तर मी जन्मात बोलले नसते. 

तुम्हाला लाज नाही वाटली. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, साबणाने हात धुतलेत, खुर्चीत बसलात आणि ताईला विचारलंत, "पाठीचं कुणाला सांगितलंस?"

आणि घड्याळ काढलंत.

या घड्याळाबद्दल मला लिहायचंय. तुम्ही एकदा आमच्याकडे चहाला आला होतात, नवीन नवीन लग्न झालं होतं. तुम्ही आईला समजावून सांगत होतात की लिफ्टच्या कामाला हात घालायच्या आधी घड्याळ काढून ठेवायचं असतं. दोरात अडकलं तर हात मनगटापासून जातो. ज्याच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात त्याने ते तुमच्या हाडात भिनवलं. मग तुम्ही काढून दाखवलंत पण. पट्टा सोडला, काच वर करून अलगद टेबलावर ठेवलं, ओरखडा पडू नये म्हणून. आई म्हणाली, "केवढी शिस्त आहे बघा जावयाला." मी ताईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड फिरवून बसली होती.

खूप नंतर तिने मला सांगितलं. "टेबलावर टक् असा आवाज होतो ना, की मी तोंड फिरवते. मग कळत नाही तेवढं."

यावेळी तुम्ही तोंड फिरवू दिलं नाहीत. आधी कसं, तुम्ही हिशोबात असायचात. पाठ, मांड्या, दंड. कपड्याबाहेर काही येणार नाही असं. शिस्तीचं काम. यावेळी केस धरलेत आणि तोंडावर मारलंत, आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलंत, आणि ती खाली पडल्यावर पण थांबला नाहीत. मी तिथे नव्हते, पण मला माहितीये, कारण दुसऱ्या दिवशी तिचे केस धुताना माझ्या बोटांना सगळं लागलं. मी पार्लरमध्ये केस धुवायला लागले तेव्हापासून मला डोकी वाचता येतात. कानामागे टेंगूळ, टाळूवर केस उपटल्याची जागा, मानेवर बोटांचे ठसे. पाणी लाल येत होतं. मी नळ सोडून ठेवला, तिला दिसू नये म्हणून. ती डोळे मिटून म्हणत होती, "होडी तेवढी नक्की आहे ना?"

तेवढ्यात तुमचा फोन. मला अजून ऐकू येतो तुमचा आवाज, काही झालंच नाही असा. "मुके, मी आजच पुढे निघतो. मित्र जुगाराच्या टेबलावर बसलेत. आणि हे थोबाड घेऊन तिला मी बसमध्ये शेजारी बसवणार नाही. उद्या सकाळी तू तिला रंगव आणि बसमध्ये घाल."

रंगव आणि बसमध्ये घाल. मी हो म्हणाले. हूं म्हणाले. मी कायम हूं म्हणते.

आणि रंगवायला मला येतं ना. तुम्ही कितीदा म्हणालात, तुझ्या हातात जादू आहे. लालावर हिरवा लावायचा, निळ्यावर नारिंगी, डाग पिवळा पडायला लागला की फिकट जांभळा. मग वरून कातडीचा रंग, स्पंजने थोपटून, घासून नाही. मॅडमनी हे मला नवऱ्या मुलींच्या डोळ्याखालच्या काळ्यासाठी शिकवलं. मी ते ताईवर गिरवलं. इतकी वर्षं तुम्ही काम करायचात आणि मी वर रंग द्यायचे. आपण दोघं मिळून चालवत होतो की हो हे दुकान.

जरा थांबते. मॅडम चहा घेऊन आल्यात.

हां. तर आज सकाळी. पार्लर उघडायच्या आधी मी मॅडमकडून किल्ली आणून ठेवली होती. ताई बॅग घेऊन आली, आईने भरून दिलेली. आई तिला म्हणाली होती, "चार दिवस तिकडे हिंडलात फिरलात की गोडी येईल परत. नवरा-बायकोत तिसऱ्याने पडू नये." ताईला मी खुर्चीत बसवलं, आरशातले दिवे लावले. शटर आतून अर्धं ओढून घेतलं, रस्त्यावरून कुणी बघू नये म्हणून. वॅक्सचं भांडं पण चालू केलं, कारण पहिलं गिऱ्हाईक वॅक्सिंगचं होतं.

डावी बाजू आधी घेतली. डोळा बंद होता नुसता, फुगून. नारिंगी लावला. ताई बडबडत होती. एवढं मी तिला कधी बडबडताना ऐकलं नाही. कारंजं गाण्यावर नाचतं का, तिथे थंडी असेल का, त्यांना बाटली आवडेल का, यावेळी सगळं नीट होईल बघ, ते खूप रडले गं निघताना, माझे पाय धरले. मी थोपटत होते. ती म्हणाली, "कानात शिट्टी वाजतेय, बसमध्ये जाईल ना?"

डावी बाजू झाली. सुंदर झाली, भाऊजी. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि उजवी बाजू तशीच, उघडी. आरशात माझी बहीण अर्धी होती. एका बाजूला ती फिरायला निघाली होती आणि दुसऱ्या बाजूने तिला नुकतंच कुणीतरी मारलं होतं.

मी स्पंज खाली ठेवला आणि म्हणाले, "मी नाही करणार."

"काय नाही करणार? चल, बस सुटेल."

"तू जाऊ नकोस."

"ए, लाडात येऊ नकोस. आटप."

मी गेले, शटर पूर्ण खाली ओढलं, आतून कुलूप लावलं आणि किल्ली वॅक्सच्या भांड्यात टाकली.

ताईला आधी कळलंच नाही. मग ती उठली. वॅक्स उकळत नव्हतं पण गरम होतं, तिने तसाच हात घातला, किंचाळली, हात झटकला, सगळ्या फरशीवर थेंब. मी तिचा हात धरायला गेले तर माझीही बोटं त्यात गेली. तीच ही बांधलेली. मग तिने मला मारलं.

तुम्हाला वाटेल अशीच एखादी चापट. नाही. ताईने मला भिंतीवर ढकललं, माझे केस धरले, ड्रायर उचलून माझ्या खांद्यात घातला. वायरीसकट. बाटल्या पडल्या, फुटल्या. ती ओरडत होती, "तुला काय कळतं? तुझं लग्न झालंय? मी नाही गेले तर ते काय करतील माहितीये? मला मारून टाकतील. तुला मारतील. आईला मारतील." मी पण काही गाय नाही झाले. मी तिला चावले. मनगटाच्या वर, कचकचून, तोंडात चव आली. मग रंग कालवायचा स्टीलचा वाडगा हाताला लागला तो मी फिरवला, तिच्या ओठावर बसला. ओठ फाटला. तो ओठ तुमच्या नावावर धरू नका, तो माझा आहे. मी चौकीतही तसंच सांगितलं.

आम्ही लहानपणी कधी भांडलो नव्हतो. ती मला केस विंचरून द्यायची आणि मी बोलत नाही म्हणून शाळेत माझ्या वतीने बोलायची. आणि आता आम्ही दोघी फरशीवर काचांत लोळत एकमेकींच्या जिवावर उठलो होतो, तुमच्याकडे जायचं की नाही यावरून. तुम्ही तेव्हा झोपला असाल. हंस असतील उशाशी.

ती आधी उठली. मी खाली कोपऱ्यात, हात डोक्यावर घेतलेले. ती धापा टाकत माझ्याकडे आली. आणि मधेच थांबली. मला वाटलं शांत झाली. मी बोटांच्या फटीतून बघितलं. तिने डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. पट्टा सरळ केला. काच वर करून आरशाच्या फळीवर ठेवलं.

टक्.

मी तोंड फिरवलं, भाऊजी. आपोआप फिरलं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि काहीच झालं नाही. बराच वेळ. मी परत बघितलं तर ताई माझ्याकडे बघतच नव्हती. ती फळीवरच्या त्या घड्याळाकडे बघत होती. मग स्वतःच्या हाताकडे. तो अजून वर होता, मुठीत. मग आरशात. एवढे दिवे आहेत त्या आरशाला, सगळे चालू. तिने हात खाली आणला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि ती नुसता तो खाली ठेवतेय.

म्हणाली, "मी काढलं ते?"

मी मान हलवली.

"ते मी काढलं?"

मग ती खाली बसली, काचांतच, आणि ओकली. मी तिची मान धरली. ती रडली नाही. तुमच्याकडून आल्यावर ती रडायची, यावेळी नाही रडली. फळीवरचं घड्याळ काढून तिने वॅक्सच्या भांड्यात सोडलं. बुडायला वेळ लागला. वॅक्स घट्ट असतं ना.

तेवढ्यात बाहेरून शटरवर धडाधड. मॅडम. "अगं कोण मेलंय का आत? माझंच दुकान आणि मीच बाहेर!" आतून कुलूप, किल्ली भांड्यात. शेवटी मी चिमट्याने वॅक्समधून किल्ली काढली, ती चिकट, कुलपात जाईना. मॅडम बाहेरून बडबडत होत्या, गिऱ्हाईक उभं आहे, अब्रू गेली, तुम्हा दोघींना कामावरून काढते. शटर वर गेलं. त्यांनी फरशी बघितली, रक्त बघितलं, माझे केस. आणि मग ताईचा चेहरा. अर्धा आणि अर्धा.

मॅडमना कळायला वेळ लागत नाही, एवढी वर्षं आरशासमोर उभ्या असतात. गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आज दुकान बंद आहे बाई." मग माझ्याकडे वळून हळूच, "हे तू झाकत होतीस? माझ्या रंगांनी?" मी मान खाली घातली. त्यांनी मला एक ठेवून दिली. आज सगळ्यांचाच हात सुटला होता. मग त्यांनीच मला पोटाशी धरलं.

ताई म्हणाली, "उरलेलं पूस माझं." मी कापूस घेतला. मॅडम म्हणाल्या, "थांब. तसंच राहू दे. तशीच चला."

चौकीत आम्ही तिघी. टेबलामागच्या साहेबांनी ताईकडे बघून विचारलं, "एकाच बाजूला मारलं का हो?" ताईला बोलता येईना, ओठ सुजलेला. मॅडम बोलायला लागल्या तर ते म्हणाले, "तुम्ही कोण? नात्यातलं कुणी आहे का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला माहीत आहे माझं कसं होतं ते, दुकानातून साधा साबण मागायचा तरी घाम फुटतो.

मी पिशवीतून कापूस काढला, तेल लावलं, आणि त्यांच्या टेबलासमोर ताईची डावी बाजू पुसली. कपाळापासून खाली. कापूस काळा-नारिंगी झाला, दुसरा घेतला. आधी गाल बाहेर आला, मग डोळा, मग कानाजवळचं ते काळं, कपाटाच्या कडेचं. लिहिणारा शिपाई लिहायचा थांबला. मी कापूस त्यांच्या कागदावर ठेवला. आणि मग बोलले. सगळं बोलले. पाय, पाठ, दंड, दार, कपाट, घड्याळ. मला स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं. मधे ते साहेब म्हणाले, "हळू, बाळ, लिहून घेऊ दे." मला. मुकीला.

मग दवाखाना. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. शिट्टी त्याची होती. पाठीचे फोटो काढले. फोटोसाठी मोठे दिवे लावले होते आणि ताई दिव्यांत पाठ उघडी करून बसली, सरळ. होडीबिडीचा अंधार काही लागला नाही तिला.

आता आम्ही सगळे मॅडमच्या घरी आहोत. कुठे ते लिहीत नाही. आईही आली. आल्यापासून ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. आत्ता थोड्या वेळापूर्वी तिने चेन उघडली आणि ताईचे कपडे एकेक काढून माझ्या कपड्यांवर ठेवले.

खोलीचं म्हणाल तर मंगळवारपर्यंत तुमचीच आहे. रद्द होत नाही, मी विचारलं. केक आज संध्याकाळी येईल, त्यावर दोघांची नावं आहेत. दहा मिनिटांचं लग्न मी धरलंच नव्हतं. होडीची दोन तिकिटं खाली काउंटरवर आहेत. तुम्ही जा. अंधार असतो, बरं वाटेल.

परत याल तेव्हा तुम्हाला शोधत लोक येतील, ते साहेब म्हणालेत. येतील की नाही ते मी बघणार आहे, रोज जाऊन बसणार आहे. आणि तुम्ही आधी आमच्याकडे यायचा विचार केलात, तर एक सांगून ठेवते, धमकी म्हणून नाही, मला धमकी देता येत नाही. मला आज कळलंय की मी कचकचून चावते. मला कळलंय की हाताला लागेल ते मी फिरवते आणि ते बसतं. माझ्या बहिणीवर मी हे केलं, जिच्यावर माझा जीव आहे. तुमच्यावर तर माझा जीव नाही. मला तुमची भीती वाटतेच, खोटं कशाला बोलू. पण तुमच्याबरोबर आता मला माझीही वाटायला लागलीये. तर तुम्हीही थोडी बाळगा.

वॅक्स गार होऊन दगड झालंय. ते भांडं मॅडमनी घरी आणलंय, म्हणतात कामातून गेलं. आत ते घड्याळ आहे. कान लावला तर चालू असलेलं ऐकू येतं. ताईने डावा कान लावला, मग उजवा. म्हणाली, "चालतंय अजून मेलं."

ताई शेजारी बसून वाचतेय. मी विचारलं, तुला काही सांगायचंय का त्यांना? तिने फोन घेतला आणि सगळं परत वरून वाचलं. मग म्हणाली, "लिही. त्यांनी विचारलं होतं ना, पाठीचं कुणाला सांगितलंस. लिही, सगळ्यांना सांगितलं."

लिहिलं.

तुम्हाला यापुढे भाऊजी म्हणायचं की नाही ते मला ठरवता येत नाहीये. सवय आहे. जाईल.

हे तुमच्या नंबरावर माझं शेवटचं. उत्तर देऊ नका, मी बोलले तेवढं पुरे आहे.

जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती,
तिची बहीण

ता. क. — पार्लरसमोरच्या दातांच्या डॉक्टरने आज मिशी काढली. आत्ताच मॅडमच्या दारात येऊन उभा राहिला, काही हवंय का विचारायला, आणि कुणीच त्याला ओळखलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." ताई एवढी हसली, एवढी हसली की ओठ परत फाटला. रक्त पुसलं आणि परत हसली.